जुन्या छोट्या मोटारीची थरथर : आधी निदान, मग स्क्रू

पान पिवळे दिसले की युरियाची गोण उघडायची, ही सवय आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल तर नत्राची कमतरता असण्याचा संभव असतो. तो वरच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह किंवा गंधकाकडे पाहावे लागते. भाजीच्या वाफ्यात मुळाशी पाणी साचून राहिले असेल तर कोणतेही खत टाकून उपयोग होत नाही. म्हणून कोणते पान पिवळे आहे हे आधी पाहावे, असे आम्ही शेतकरी मेळाव्यांत नेहमी सांगतो.

जुन्या मोटारीच्या बाबतीतही असेच घडते. गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले, स्लोवर बंद पडू लागले, की कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळला जातो. थरथर तात्पुरती थांबते, दोष मात्र तसाच राहतो आणि पेट्रोल जास्त जाऊ लागते. प्रस्तुत लेखात या दोषाचे निदान क्रमाने कसे करावे याची माहिती दिली आहे. विषय यंत्राचा असला तरी पद्धत पिकाच्या निदानाचीच आहे.

राई येथील एक अनुभव

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धा, मोर्वा ही गावे लागतात. एका बाजूला वस्ती वाढत असली तरी खाडी आणि मिठागरांचा हा परिसर आहे. येथील एका भाजी उत्पादकाकडे १९९४ सालची मारुती ८०० आहे. मागची बैठक पाडून पहाटे भाजीच्या पाट्या भाईंदरच्या बाजारात न्यायच्या, हा तिचा रोजचा उपयोग.

२०२४ च्या पावसाळ्यात ही गाडी स्लोवर थरथरू लागली. चालत्या गाडीत फारसे जाणवत नसे, परंतु चौकात थांबले की इंजिन हलू लागे आणि कधी कधी बंद पडे. प्रथम प्लग बदलले. मग कार्ब्युरेटर उघडून साफ केला. शेवटी स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवली आणि मिश्रणाचा स्क्रूही सैल केला. गाडी बंद पडणे थांबले, पण पेट्रोलचा खर्च वाढला व धुराला उग्र वास येऊ लागला.

पंधरा वर्षांपुढील खासगी मोटारीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या गाडीची मुदत त्याच वर्षी संपत होती. त्यापूर्वी पी. यू. सी. तपासणी केली असता गाडी नापास झाली. इंजिन आतून खराब झाले आहे, आता भंगारात द्यावी, असा सल्ला मिळाला. नवी गाडी घेणे परवडणारे नव्हते आणि टेंपो भाड्याने घ्यावा तर पालेभाजीच्या फेरीत काही उरत नव्हते. गाडी गेली असती तर बाजाराची फेरीही बंद पडली असती. या गाडीत शेवटी काय निघाले ते पुढे येईल. त्याआधी इंजिन का थरथरते ते पाहू.

इंजिन स्लोवर का थरथरते?

पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती १४ डिसेंबर १९८३ रोजी पडली व तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तिचे इंजिन ७९६ सी. सी. चे, तीन सिलिंडरचे आहे. ओम्नी व्हॅनलाही अनेक वर्षे हेच इंजिन होते. फरक इतकाच की, ओम्नीत ते पुढच्या आसनांखाली असते. साधारणपणे २००० सालापूर्वीच्या गाड्यांना कार्ब्युरेटर असून नंतरच्या गाड्यांत एम. पी. एफ. आय. ही इंधन फवाऱ्याची पद्धत आली.

तीन सिलिंडरचे इंजिन स्लोवर थोडे हलतेच, तो दोष नव्हे. मात्र तीनपैकी एक सिलिंडर नीट पेटला नाही तर एक तृतीयांश ताकद जाते आणि सारी गाडी हलू लागते. सिलिंडर पेटण्यासाठी चार गोष्टी लागतात : योग्य वेळी मिळणारी जोरदार ठिणगी, मोजून आलेली हवा, मोजून आलेले पेट्रोल आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. यांपैकी एक जरी उणी पडली तरी थरथर सुरू होते.

हा दोष स्लोवरच का जाणवतो, हेही समजून घ्यावे. स्लोवर कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असते व इंजिन अगदी थोडी हवा ओढत असते. अशा वेळी एखाद्या फुटक्या नळीतून आत शिरलेली थोडी हवाही मिश्रण बिघडवते. रेस दिल्यावर मूळ हवाच इतकी वाढते की ती गळती नगण्य ठरते. लहान रोपाला एक दिवसाचा ताण जाणवतो, मोठ्या झाडाला जाणवत नाही, तसेच हे आहे.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

१) गाडी मोकळ्या जागी उभी करावी. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व त्याने जीव जाऊ शकतो.
२) हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, चाकांना दगड लावावेत.
३) उपरणे, ओढणी, सैल बाही पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवावी. रेडिएटरचा विजेवरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.
४) जवळपास विडी, काडी पेटवू नये.
५) प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावेत. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने गरम असताना आटे खराब होण्याची भीती असते.

पहिली पायरी : लक्षणांची नोंद

हत्यार हातात घेण्यापूर्वी दोन-तीन दिवस गाडीचे निरीक्षण करावे व वहीत नोंद ठेवावी. थरथर थंड इंजिनात होते की गरम? पावसात वाढते का? दिवे लावल्यावर वाढते का? रेस दिल्यावर जाते की चढावरही झटके बसतात?

थंडपणी नीट व गरम झाल्यावर बिघाड असेल तर चोक पूर्ण उघडतो का ते पाहावे. दमट सकाळी त्रास व दुपारी आराम असेल तर ठिणगीच्या बाजूचा संशय घ्यावा. रेसवर पूर्ण बरे वाटत असेल तर हवेची गळती किंवा कार्ब्युरेटरचा स्लोचा मार्ग तपासावा. रेसवर व चढावरही मिसिंग असेल तर प्लग, वायर किंवा पेट्रोल पुरवठा पाहावा. इंजिनाचा आवाज एकसारखा असून केवळ गाडी हलत असेल तर इंजिन माउंटिंगचे रबर दबले किंवा फाटले असण्याचा संभव आहे. अशा वेळी कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारणच नाही.

दुसरी पायरी : कोणता सिलिंडर आजारी आहे?

ही तपासणी म्हणजे कोणते पान पिवळे आहे हे पाहणे. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची प्लग वायर काढावी. त्या वायरला एक जादा प्लग लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला पक्का टेकवून ठेवावा, म्हणजे ठिणगीला वाट मिळते. आता इंजिन सुरू करून स्लो पाहावा. मग इंजिन बंद करून ती वायर जागेवर बसवावी व दुसऱ्या, तिसऱ्या सिलिंडरची अशीच तपासणी करावी. चालू इंजिनावर हाताने वायर ओढू नये, जोराचा झटका बसतो. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो असलेल्या गाडीत ही तपासणी काही सेकंदांतच आटोपावी, अन्यथा न जळलेल्या पेट्रोलने तो तापून निकामी होतो.

निरोगी सिलिंडरची वायर काढली की इंजिन एकदम खाली बसते. ज्याची वायर काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करीत नव्हता असे समजावे. तिन्ही काढल्यावर सारखाच फरक पडत असेल तर दोष सर्वांना सामाईक आहे : मिश्रण, टायमिंग, पेट्रोल किंवा मोठी हवागळती.

यानंतर थंड इंजिनातून तिन्ही प्लग काढून क्रमाने कागदावर मांडावेत. फिकट बदामी रंग निरोगी समजावा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा थर म्हणजे ऑइल आत येत आहे. पांढरट रंग म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे ठिणगी पडत नाही.

तिसरी पायरी : ठिणगी

खाडीकाठच्या गावांत हवेत मीठ व ओल दोन्ही असतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार धरतो, अर्थची पट्टी गंजते. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके धुवून, कोरडी करून, आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावी. केसासारखी बारीक तडा किंवा कोळशाने ओढल्यासारखी काळी रेघ दिसल्यास टोपी बदलावी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू केल्यास खराब वायरवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. वायर एका वेळी एकच काढावी. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-२ असा आहे. अदलाबदल झाल्यास नवाच दोष उभा राहतो. प्लगमधील अंतर साधारण ०.७ ते ०.८ मि. मी. आणि पॉइंट असलेल्या जुन्या गाडीत पॉइंटचे अंतर ०.४ ते ०.५ मि. मी. ठेवतात. तथापि आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

चौथी पायरी : हवेची गळती

कार्ब्युरेटर व मॅनिफोल्डला जोडलेल्या सर्व रबरी नळ्या हाताने वाकवून पाहाव्यात. वरून चांगली दिसणारी नळी वळणावर, खालच्या अंगाला फुटलेली असते. इंजिन स्लोवर ठेवून एकेक नळी पक्कडीने अलगद दाबावी. दाबल्यावर इंजिन सुधारले तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढे आहे. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत त्याची नळीही पाहावी. तिच्यातील दोष ब्रेकलाही बाधक असतो.

सांध्यांवर फवाऱ्याच्या बाटलीने साध्या पाण्याचे बारीक तुषार मारावेत. ज्या ठिकाणी तुषार मारताच इंजिनाचा आवाज बदलतो, तेथे गळती आहे. यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये, आग लागते. डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडू देऊ नये.

पाचवी पायरी : पेट्रोल

ऊस, मका व तांदळाची कणी यांपासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. आपल्या शेतमालाला त्यामुळे बाजार मिळाला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली व २०२५ पर्यंत ती देशभर पसरली. परंतु कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. कार्ब्युरेटरचे जेट ठरावीक मापाचे असल्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते आणि थंड इंजिन अधिक कुरकुरते. दोन, जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. तीन, इथेनॉल पाणी ओढते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि इंजिनाला प्रथम तेच जाते.

म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नये. टाकीच्या झाकणाचे रबर पाहावे. शंका आल्यास थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास टाकी रिकामी करून घ्यावी. थर न दिसणे म्हणजे पाणी नाहीच असे मात्र नव्हे, कारण थोडे पाणी पेट्रोलात विरघळून राहते. पेट्रोल फिल्टर वेळेवर बदलावा. रेसवर चालणारी पण पाय काढताच बंद पडणारी गाडी असल्यास कार्ब्युरेटरचा स्लो जेट तुंबला आहे का आणि इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर सैल आहे का, ते पाहून घ्यावे.

सहावी पायरी : सिलिंडरचा दाब

वरील सर्व ठीक असूनही एकच सिलिंडर आजारी असेल तर कॉम्प्रेशन गेजने दाब मोजून घ्यावा. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आल्यास त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा दोष आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल तर गॅस्केटकडे बोट जाते. टॅपेटचे अंतर बरेच दिवस तपासले नसेल तर ते आधी करून घ्यावे. इंजिन उघडण्याचा निर्णय या पायरीनंतरच घ्यावा, त्याआधी नाही.

पी. यू. सी. ची पावती : मोटारीचा माती परीक्षण अहवाल

ही पावती बहुतेक जण न वाचता काचेला चिकटवतात. वास्तविक पेट्रोल मोटारीची ही तपासणी इंजिन स्लोवर असतानाच होते, त्यामुळे आपल्या दोषाची ती नेमकी नोंद असते. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकी पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के व हायड्रोकार्बनची १५०० पी. पी. एम. आहे. स्टेज दोन व तीनच्या मोटारींना ती अनुक्रमे ०.५ टक्के व ७५० पी. पी. एम. आहे.

• कार्बन मोनॉक्साइड जास्त : मिश्रणात पेट्रोल जास्त. चोक, एअर फिल्टर, फ्लोट व मिश्रणाचा स्क्रू पाहावा.
• हायड्रोकार्बन जास्त, कार्बन मोनॉक्साइड कमी : पेट्रोल न जळता बाहेर पडत आहे. ठिणगी किंवा हवागळती पाहावी.
• दोन्ही जास्त : मिश्रण जाड असून एखादा सिलिंडर नीट पेटतही नाही.

जुन्या पावत्या जपून ठेवल्यास दोष केव्हापासून वाढत गेला तेही कळते.

राईच्या गाडीत काय निघाले?

त्या गाडीची पावती पाहिली तेव्हा दोन्ही आकडे मर्यादेबाहेर होते. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाला जवळजवळ फरक पडला नाही. प्लग कागदावर मांडले. पहिला व दुसरा काजळीने काळे, तिसरा मात्र पांढरट. सर्व इंजिन जुने होऊन झिजले असते तर एकच प्लग असा पांढरा दिसला नसता. तिसऱ्याची ठिणगी चांगली होती व दाबही इतर दोघांच्या बरोबरीचा होता. म्हणजे त्या एकट्या सिलिंडरला कोठून तरी जादा हवा मिळत होती.

पाण्याचे तुषार मारता मारता मॅनिफोल्डच्या तिसऱ्या सिलिंडरकडील टोकाला इंजिनाचा आवाज बदलला. तेथे बसणारी बोटभर लांबीची रबरी नळी खालच्या अंगाला चिरली होती. प्लग, कार्ब्युरेटर यांवर झालेल्या खर्चाच्या मानाने त्या नळीची किंमत काहीच नव्हती. तिसरा सिलिंडर हवेने उपाशी राहिला म्हणून स्क्रू सैल करून साऱ्या इंजिनाला जास्त पेट्रोल दिले गेले आणि निरोगी असलेले दोन सिलिंडर काजळले. एका वाफ्यातील पाण्याचा निचरा न करता साऱ्या शेताला युरिया टाकावा, तसा हा प्रकार होता.

नळी बदलून, प्लग साफ करून, मग दोन्ही स्क्रू पुन्हा जागेवर आणले. गाडी पी. यू. सी. तपासणीत पास झाली, नोंदणीचेही काम झाले. ती आजही पहाटे भाजी घेऊन जाते.

स्क्रू केव्हा फिरवावा?

ठिणगी, हवा, पेट्रोल व दाब ठीक असल्याची खात्री झाल्यावर, इंजिन पूर्ण गरम असताना, दिवे बंद करून, एअर फिल्टर बसवलेल्या स्थितीत स्लो जुळवावा. स्क्रू मुळात किती फेरे उघडा होता ते आधी लिहून ठेवावे. मिश्रण शक्यतो धूर मोजणाऱ्या यंत्रावर जुळवून घ्यावे. वाढवलेल्या रेसने थरथर लपते, पण गाडी क्लचवर उड्या घेते आणि गर्दीत धोका होतो.

एम. पी. एफ. आय. गाडीत स्लो संगणक सांभाळतो, तेथे स्क्रूशी खेळू नये. थ्रॉटल बॉडीवरील काजळी, स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह, नळ्या व प्लग पाहावेत. इंजिनाचा दिवा पेटला असल्यास दोषाचा कोड वाचून घ्यावा. कोड केवळ दिशा दाखवतो. दाखवलेला सुटा भाग लगेच बदलू नये, आधी त्याची वायर व जोड तपासावा.

सारांश

लक्षणे लिहावीत, आजारी सिलिंडर शोधावा, प्लगचा रंग वाचावा. मग ठिणगी, हवा, पेट्रोल, दाब या क्रमाने जावे. फुकटची तपासणी आधी, स्वस्त सुटा भाग नंतर आणि इंजिन उघडणे सर्वांत शेवटी. मेकॅनिककडे जाताना नोंदींची वही, पी. यू. सी. च्या पावत्या व काढलेले प्लग बरोबर न्यावेत. रोगट झाड दाखवण्यासाठी आपण पान व मुळी घेऊन येता, तितकेच हे आवश्यक आहे. असे केल्यास मेकॅनिकचे काम सोपे होईल, आपला खर्च वाचेल आणि कामाची गाडी केवळ एका चिरलेल्या नळीपायी भंगारात जाणार नाही.